तस्मान समुद्राचे दोन काठ आणि वर्धेची हद्द: दारूचा पैसा कोणाच्या हाती असावा?

धरमपेठकर

तस्मान समुद्राच्या दोन काठांवरच्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांची नावे आपण एका दमात घेतो. १५ मार्च २०१६ रोजी नागपूरच्या जामठा मैदानावर न्यूझीलंडने केवळ १२६ धावा करूनही भारताला ७९ धावांत गुंडाळले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच मैदानावर ऑस्ट्रेलिया एक डाव आणि १३२ धावांनी हरली. या दोन देशांशी नागपूरकरांची ओळख बहुतेक एवढ्यावरच थांबते. माझी मुलगी ऑकलंडला आणि भाचा ब्रिस्बेनला स्थायिक झाल्यामुळे मला दोन्हीकडे राहता आले. तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडतो.

आधी आकार लक्षात घ्यावा. न्यूझीलंडची लोकसंख्या सुमारे ५३ लाख आहे आणि आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ती साडेशेहेचाळीस लाख होती. क्षेत्रफळात तो देश महाराष्ट्रापेक्षा लहान आहे. ऑस्ट्रेलिया मात्र खंडच आहे आणि त्यामुळे तिथे खेळाचीही फाळणी झालेली दिसते. मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थ येथे हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल हाच जीव की प्राण असतो, तर सिडनी आणि ब्रिस्बेनमध्ये रग्बी लीगला तो मान मिळतो. न्यूझीलंडमध्ये रग्बी हा एकच खेळ सगळ्या देशाला बांधून ठेवतो, मुलींमध्ये नेटबॉल तितकाच रुजलेला आहे, आणि शनिवारी सकाळी गावोगावच्या मैदानांवर आईबाप मुलांना घेऊन हजर असतात. खेळताना हाड मोडले तर उपचाराचा भार १९७४ पासून चालत आलेली सरकारी अपघात योजना उचलते आणि चूक कोणाची हे त्यासाठी विचारले जात नाही. मुलाला धसमुसळ्या खेळात घालताना पालकाच्या मनावरचे केवढे ओझे त्यामुळे उतरत असेल, याचा विचार आपल्याकडच्या क्रीडा खात्याने अवश्य करावा.

आता मूळ मुद्दा. दोन्ही देशांत खेळ आणि बिअर यांचे नाते जुने आहे. सामना संपला की क्लबच्या बारमध्ये दोन्ही संघांनी एकत्र बसणे हा तिथे शिष्टाचार समजला जातो. फरक आहे तो पैसा कुठे जातो यात. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुमारे चार दशके दारूविक्री बंद होती. १९४३ मध्ये लोकांनी मतदान करून ती पुन्हा सुरू केली, पण खासगी व्यापाऱ्यांच्या हाती न देता १९४४ मध्ये एका सार्वजनिक न्यासाकडे सोपवली. त्या न्यासाचे विश्वस्त मतदार निवडून देतात. आजही तिथल्या सुपरमार्केटमध्ये बिअर किंवा वाइन मिळत नाही. नफा शहराच्या कामी लागतो आणि तिथल्या मोठ्या बंदिस्त क्रीडासंकुलाच्या नावातच न्यासाचे नाव आहे. ऑकलंडच्या पश्चिम भागातही असे न्यास आहेत.

आपण विदर्भात मात्र दोनच टोकांमध्ये अडकलो आहोत. एक तर वर्धा आणि गडचिरोलीसारखी पूर्ण बंदी, नाहीतर नागपूरसारखे चौकाचौकांत परवाने. चंद्रपूरमध्ये तर २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, म्हणजे त्याने सहा वर्षांत दोन्ही टोके पाहिली. माझे म्हणणे असे आहे की ज्या गावाला दारूविक्री हवी असेल त्याने ती लोकनियुक्त न्यासामार्फत करावी आणि मिळालेल्या पैशातून मैदाने उभारावीत.

खामलेकर

धरमपेठकर, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे मेलबर्नमध्ये काढली. दुकानाचा मालक कोण याने पिणाऱ्याच्या यकृताला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो कायदा रस्त्यावर दिसतो की नाही याने, आणि त्या बाबतीत तुम्ही मागे टाकलेला ऑस्ट्रेलिया कितीतरी पुढे होता.

व्हिक्टोरिया राज्याने १९७६ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने १९८२ मध्ये कोणत्याही वाहनचालकाला संशयाविना थांबवून श्वास तपासण्याचा अधिकार पोलिसांना दिला. तिथे माझे सहकारी संध्याकाळी बाहेर जाताना कोण पिणार नाही हे आधी ठरवत, कारण पुढच्या वळणावर पोलीस असतीलच असे प्रत्येकाने गृहीत धरलेले असे. न्यूझीलंडने मात्र प्रौढ चालकांसाठी मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमवरून ५० पर्यंत खाली आणायला डिसेंबर २०१४ उजाडू दिला. आपल्याकडे हीच मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे कागदावर आपण दोघांपेक्षाही कडक आहोत. पण वर्धा रोडवर शनिवारी रात्री गाडी चालवणाऱ्याला तपासणीची धास्ती वाटते का, याचे उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे.

न्यूझीलंडने १९९९ मध्ये दारू विकत घेण्याचे वय २० वरून १८ केले आणि त्याच वर्षी सुपरमार्केटना बिअर विकण्याची मुभा दिली. ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी दारूचे दुकान किराण्यापासून वेगळे असते. तेव्हा एका इन्व्हरकार्गिलवरून देशाची परीक्षा करू नये. त्या शहरातही देणग्यांचा मोठा वाटा न्यासाच्या बारमध्ये बसवलेल्या जुगाराच्या यंत्रांतून येतो, हे तुम्ही सांगितले नाही. न्यू साउथ वेल्समधील क्लबांना ही यंत्रे १९५६ पासून कायदेशीर आहेत आणि तिथले कित्येक क्रीडा क्लब त्यांवरच जगतात. म्हणजे खेळाचे मैदान कोणाच्या तरी बुडालेल्या पगारातून उभे राहते. हे चित्र मी जवळून पाहिले आहे आणि ते नागपुरात आलेले मला बघवणार नाही.

खेळ आणि दारू यांची फारकत कशी करावी, याचा धडाही व्हिक्टोरियानेच घालून दिला आहे. १९८७ मध्ये तिथे तंबाखूवरच्या कराच्या पैशातून आरोग्यसंवर्धनाची एक संस्था स्थापन झाली आणि तिने क्रीडा संघटनांना सिगारेट कंपन्यांच्या प्रायोजकत्वाऐवजी स्वतःचा निधी दिला. दारूच्या बाबतीत अजून ते धाडस कोणी दाखवलेले नाही. न्यूझीलंडच्या रग्बी संघाचे नाते एका बिअरशी १९८६ पासून जोडलेले होते, आणि क्वीन्सलंडच्या रग्बी लीग संघाच्या छातीवरही बिअरचेच नाव कित्येक वर्षे मिरवत होते. आपल्याकडे दारूच्या जाहिरातीवर बंदी आहे, तरी आयपीएलमधील बंगळूरूच्या संघाचे नाव एका व्हिस्कीवरून पडले आहे. तेव्हा या बाबतीत आपण कोणाला नावे ठेवण्याच्या स्थितीत नाही.

धरमपेठकर

जुगाराच्या यंत्रांचा मुद्दा रास्त आहे आणि मी सुचवलेल्या व्यवस्थेत त्यांना जागा नसावी, हे स्पष्टपणे नमूद करतो. मात्र तपासणी आणि मालकी या एकमेकींना छेद देणाऱ्या गोष्टी आहेत असे मला वाटत नाही. कडक तपासणी झाल्यावरही नफा कोणाचा हा प्रश्न उरतोच. खासगी दुकानदाराचे उत्पन्न विक्री वाढल्याने वाढते, त्यामुळे विक्री कमी व्हावी असे त्याला कधीच वाटणार नाही. ज्यांना लोकांनी निवडले आहे त्यांच्यावर निदान सभेत उभे राहून उत्तर देण्याची पाळी येते.

वर्धेची लेक

दोघांचेही प्रतिसाद वाचले. दोघांनीही न्यूझीलंडच्या इतिहासातील सगळ्यात महत्त्वाचे पान उलटलेलेच नाही. १८९३ मध्ये न्यूझीलंडने स्त्रियांना संसदेसाठी मतदानाचा हक्क दिला आणि असा हक्क देणारा तो जगातील पहिला स्वयंशासित देश ठरला. ती चळवळ केट शेपर्ड यांच्या नेतृत्वाखाली मद्यविरोधी महिला संघटनेतून उभी राहिली होती. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते आणि घरी मार मिळतो, हे रोज सोसणाऱ्या बायकांना कळून चुकले होते की मत हाती आल्याशिवाय गुत्ता हटणार नाही. आज त्या देशाच्या दहा डॉलरच्या नोटेवर शेपर्ड यांचे चित्र आहे. एप्रिल १९१९ च्या सार्वमतात देशभर दारूबंदी लागू होणार असे वाटत होते. परदेशातील सैनिकांची मते मोजली गेली तेव्हा तो प्रस्ताव थोडक्यात पडला.

हे मला परके वाटत नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती लोकांच्या दीर्घ आंदोलनातून. चंद्रपूरच्या बंदीसाठी २०१० मध्ये चिमूरहून निघालेल्या बायका नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापर्यंत चालत आल्या होत्या. त्यातल्या कोणी क्रीडासंकुल मागितले नव्हते. धरमपेठकर दादा, तुमच्या न्यासाचे विश्वस्त कोण असतील याचा विचार करून पाहा. ज्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतच आदल्या रात्री दारूच्या पेट्या उतरतात, तिथे दारूच्या न्यासाची निवडणूक कशी होईल? आणि दारूतून बांधलेल्या मैदानावर माझा मुलगा खेळत असेल, तर विक्री कमी व्हावी अशी मागणी मी कोणत्या तोंडाने करू? तुम्ही दुकानदाराला लागलेला लोभ सगळ्या गावाला लावायला निघाला आहात.

वर्धेत दारू मिळते, हे मी नाकारत नाही. ती नागपूरच्या आणि यवतमाळच्या हद्दीतून येते. बंदी असलेल्या जिल्ह्याच्या वेशीवर परवाने देत राहायचे आणि मग बंदी फसली म्हणायचे, हा न्याय नव्हे.

महालकर

ताई, तुमच्या वेदनेपुढे वाद घालणे अवघड आहे, तरीही एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सक्तीचा प्रयोग या दोन्ही देशांनी फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातील अनेक राज्यांत आणि डिसेंबर १९१७ पासून न्यूझीलंडमध्ये बार संध्याकाळी सहा वाजता बंद करण्याचा नियम झाला. माणसाने लवकर घरी जावे आणि कुटुंबासोबत जेवावे, हा हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात पाच वाजता कामावरून सुटलेला माणूस तासाभरात पोटात मावेल तेवढी बिअर ओतून घेऊ लागला. बारमधल्या खुर्च्या-टेबले गेली, कारण बसून पिण्याएवढा वेळच नव्हता, आणि भिंतींना धुता येतील अशा फरशा लागल्या. न्यू साउथ वेल्सने हा नियम १९५५ मध्ये सोडला, व्हिक्टोरियाने १९६६ मध्ये आणि न्यूझीलंडने सार्वमत घेऊन ऑक्टोबर १९६७ मध्ये. घाईघाईने पिण्याची जी खोड आज तिथले आरोग्यतज्ज्ञ निंदतात, तिला त्या अर्धशतकाने खतपाणी घातले असे मला वाटते.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने देशाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातील आदिवासी वस्त्यांवर वरून दारूबंदी लादली. २०२२ मध्ये ती संपली, ॲलिस स्प्रिंग्जमध्ये हिंसाचार वाढल्याची ओरड झाली आणि २०२३ च्या सुरुवातीला निर्बंध परत आले. बंदी असावी की नसावी याचे सोपे उत्तर तिथेही मिळालेले नाही.

वर्धेची लेक

महालकर, तुम्ही दिलेले दुसरे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण निर्बंध उठताच काय झाले हे तुम्हीच लिहिले आहे. शिवाय लादलेली बंदी आणि मागितलेली बंदी यांत फरक करावा लागेल. न्यूझीलंडमध्ये १८९० च्या दशकापासून प्रत्येक मतदारसंघ आपल्या हद्दीतील गुत्ते बंद करायचे का, यावर मतदान करत असे आणि त्यासाठी साठ टक्के मते लागत. आपल्या महाराष्ट्रातही उभी बाटली आणि आडवी बाटली यांचे मतदान आहे. गावातील किंवा वॉर्डातील पंचवीस टक्के महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येते, आणि आडव्या बाटलीला पुरेशी मते पडली की दुकान बंद होते. नागपूरच्या किती वॉर्डांतील बायकांना हा हक्क माहीत आहे? धागाकर्त्यांनी न्यास आणण्याआधी त्यांच्या धरमपेठेत हे मतदान घ्यावे.

खामलेकर

ताईंच्या या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त एक भर घालतो. वागण्यातला बदल कायद्याच्या आधीही सुरू होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान बॉब हॉक यांची ओळख विद्यार्थिदशेत अकरा सेकंदांत अडीच पाइंट बिअर रिचवण्याच्या विक्रमाने झाली आणि म्हातारपणीही सिडनीच्या मैदानावर ते एका दमात ग्लास संपवत तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवत. त्याच देशात जानेवारी २०२२ मध्ये होबार्टला ॲशेस मालिकेचा विजय साजरा करताना, मुस्लिम असल्याने दारूपासून दूर राहणारा उस्मान ख्वाजा व्यासपीठावरून बाजूला झाल्याचे कर्णधार पॅट कमिन्सच्या लक्षात आले. त्याने सहकाऱ्यांना शँपेन उडवणे थांबवायला सांगितले आणि ख्वाजाला परत बोलावले. ही कृती कोणत्याही कायद्याने करवून घेतलेली नव्हती.

धरमपेठकर

वर्धेच्या ताईंचा विश्वस्तांच्या निवडणुकीबाबतचा आक्षेप मला खोडून काढता आलेला नाही, परंतु त्यामुळे मी माझे म्हणणे सोडत नाही. मतदान घ्यायला माझी ना नाही, उलट ते आधीच व्हावे. जिथे आडवी बाटली जिंकेल तिथे माझ्या न्यासाचा प्रश्नच उद्भवत नाही. जिथे उभी बाटली जिंकेल, आणि नागपुरात ती बऱ्याच वॉर्डांत जिंकेल असे मला वाटते, तिथे परवाना आजच्यासारखा कोणा एकाच्या खिशात जाऊ द्यायचा का, एवढेच मी विचारतो आहे. न्यासाचे हिशेब दर तीन महिन्यांनी वॉर्डाच्या सभेत वाचले जावेत, विश्वस्तांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि मैदानाचा खर्च दारूच्या विक्रीशी न जोडता आधीच ठरवलेल्या रकमेत द्यावा, म्हणजे विक्री घटली तरी मुलांचा खेळ थांबणार नाही. या तीन अटींवर कोणाचा आक्षेप असेल तर तो येथे मांडावा.

वर्धेची लेक

तिसऱ्या अटीवर आहे. रक्कम आधीच ठरली आणि विक्री घटली, तर तूट कोण भरणार? नगरपालिका भरणार असेल, तर तिने आजच मैदाने बांधावीत. त्यासाठी दारूची वाट कशाला पाहायची?