शब्दचर्चा: ‘साइड इफेक्ट’ला जपानीत नेमकं काय म्हणायचं?

पूर्वाई: इंग्लिशमधल्या वैद्यकीय बातम्या जपानीत आणायला शिकतेय, आठेक महिने झाले. परवा लसीच्या चाचणीवरचा लेख केला, त्यात साइड इफेक्ट हा शब्द अकरा वेळा होता आणि मी अकराही ठिकाणी ‘फुकुसायो’ लिहिलं, डिक्शनरीत पहिला तोच अर्थ दिलाय. सरांनी फाइल परत पाठवली तर नऊ ठिकाणी तो खोडून ‘फुकुहान्नो’ केलेलं आणि उरलेल्या दोन ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह, बाकी एक अक्षर नाही. खूप वाईट वाटलं खरं सांगते, कारण वाक्यं मी जीव लावून केली होती. कुणी नीट उलगडून सांगाल का?

दुभाषी: पूर्वाताई, नऊ ठिकाणचं सोपं आहे. सायो म्हणजे कार्य, औषध शरीरावर जे करतं ते, आणि फुकु म्हणजे जोडीला आलेलं, दुय्यम. गोळी घेतली, दुखणं थांबलं पण झोप आली, तर झोप हे फुकुसायो. लसीचं तसं नसतं, लस टोचल्यावर शरीर स्वतः प्रतिक्रिया देतं, ती प्रतिक्रिया यावी म्हणूनच तर लस देतात, मग त्यासोबत दंड दुखला, ताप आला तर तीही प्रतिक्रियाच, म्हणून हान्नो, प्रतिक्रिया. जपानी पेपरात लसीच्या बातमीत फुकुहान्नोच वापरतात. इंग्लिश पत्रकार दोन्हीकडे साइड इफेक्ट लिहून मोकळा होतो, आपल्याला मात्र दर वेळी विचारावं लागतं की हे औषध आहे का लस.

ती प्रश्नचिन्हं आलेली वाक्यं टाका ना इथे, त्याशिवाय सांगता येणार नाही.

पूर्वाई: एक असं होतं की ज्यांना खोटी लस टोचली, म्हणजे प्लासिबो, त्यांच्यातल्याही काहींनी डोकेदुखीसारखे साइड इफेक्ट सांगितले. दुसरंही त्याच गटाबद्दल होतं.

दुभाषी: मग सर बरोबर आहेत! ज्याला लस दिलीच नाही त्याला लसीची प्रतिक्रिया येईल कशी? तिथे ‘यूगाई जिशो’ हवं. यूगाई म्हणजे हानिकारक, जिशो म्हणजे घडलेली गोष्ट. लसीनंतर जे काही वाईट घडलं ते सगळं यात येतं, लसीमुळे घडलं की योगायोगाने हे ठरायच्या आधी. उद्या कुणी लस घेतल्यावर जिन्यावरून पडला तर चाचणीच्या नोंदीत तेही यूगाई जिशोच. फुकुहान्नो लिहिलंत की तुम्ही कारण ठरवून टाकलंत, आणि ते ठरवायचं काम भाषांतर करणाऱ्याचं नाही. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वात जपायची गोष्ट हीच आहे, कारण वाचणारा लस घ्यायची की नाही हे त्या एका शब्दावरून ठरवू शकतो.

अक्षरमैत्री: छान चर्चा. थोडं मागे जाऊन सांगतो, ही ओढाताण जपानमध्ये अडीचशे वर्षांची आहे. 1774 साली सुगिता गेनपाकू, माएनो र्‍योताकू वगैरे मंडळींनी डच भाषेतलं शरीररचनेचं पुस्तक जपानात आणलं, ‘काइताइ शिन्शो’. त्यात शब्द आणायच्या तीन रीती सांगितल्यात. हाडाला शब्द होताच, तो घेतला, याला ते होन्याकू म्हणाले. कूर्चेला शब्द नव्हता तर मऊ हाड अशा अर्थाचा ‘नानकोत्सु’ घडवला, ही गियाकू, अर्थावरून केलेली. आणि ग्रंथीसाठी काहीच जुळेना तेव्हा डच ‘क्लीर’चा उच्चार तसाच कांजीत, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांत, बसवला, तिला त्यांनी चोकुयाकू म्हटलंय (आज चोकुयाकू म्हणजे शब्दशः भाषांतर, तेव्हा अर्थ वेगळा होता). पुढे उदागावा गेनशिनने ग्रंथीसाठी चक्क नवीन कांजी तयार केली, ‘सेन’, डावीकडे मांसाचं चिन्ह आणि उजवीकडे झरा. पाझरणारं मांस! मला हे अक्षर लिहिताना आजही आनंद होतो, आणि ते पुढे चिनी भाषेनेही घेतलं.

योगायोग म्हणजे प्लासिबोचा जपानी शब्दही गियाकूच आहे, खोटं औषध, उच्चार तोच आणि कांजी वेगळ्या.

दुभाषी: वा, सेनचं माहीत नव्हतं. पूर्वाताई, शब्द जुना झालाय का तेही बघत जा. डिमेन्शियाला जुन्या डिक्शनरीत ‘चिहो’ सापडेल, त्यात मूर्खपणाचा अर्थ आहे, 2004 पासून सरकारने ‘निनचिशो’ केलं. स्किझोफ्रेनियाचं जुनं नाव म्हणजे मन फुटल्याचा आजार, ते 2002 मध्ये बदलून ‘तोगो शित्चोशो’ झालं. आजारी माणूस आणि त्याच्या घरचे ही बातमी वाचणार असतात, जुना शब्द त्यांच्या मनाला लागतो.

अक्षरमैत्री: डायबेटिसचंही तसंच. ‘तोन्योब्यो’ म्हणजे साखर-लघवी-आजार, आपल्या मधुमेहाची बहीणच, मेह म्हणजे लघवीच की. पण आपल्याला ते ऐकताना जाणवत नाही आणि जपानी माणसाला कांजीत लघवी डोळ्यांसमोर दिसते. 2023 मध्ये तिथल्या डायबेटिसच्या संघटनांनी ‘दायाबेतिसु’ असं नाव सुचवलं. बातमीत मी अजून जुनंच लिहितो, वाचकाला कळायला हवं ना.

पूर्वाई: दोघांचेही खूप आभार, प्रश्नचिन्हं आता कळली. अजून एक अडचण, इंग्लिशमधलं ‘मे’ माझ्याकडून सुटतं. कॉफीने धोका कमी होऊ शकतो असं असेल तर मी कमी होतो लिहून बसते.

दुभाषी: अहो यात तर आपण नशीबवान आहोत. आधी मनात मराठी वाक्य करा. रोज कॉफी पिणाऱ्यांचा धोका कमी असण्याची शक्यता आहे. आता जपानी बघा, माइनिची कोही ओ नोमु हितो वा रिसुकु गा हिकुई कानोसेई गा आरु. माइनिची रोज, नोमु हितो पिणारी माणसं, हिकुई कमी, कानोसेई शक्यता, आरु आहे. क्रम तोच. इंग्लिशकडे बघत लिहिलं की शक्यता मध्येच गळते, मराठीतून गेलं की ती आपोआप शेवटी येऊन बसते. आणि ‘लिंक्ड टू’ दिसलं की ‘कानरेन’, म्हणजे संबंध, एवढंच लिहा, ‘मुळे’ नको.

पूर्वाई: हे करून बघितलं आत्ता. प्लासिबोचं वाक्य असं झालंय: गियाकू ओ उकेता हितो नि मो, झुत्सु नादो नो यूगाई जिशो गा मिरारेता. खोटी लस मिळालेल्यांमध्येही डोकेदुखी वगैरे यूगाई जिशो दिसले. बरोबर?

दुभाषी: बरोबर. पाठवा सरांना.