मदत हवी आहे : 'ब' आणि 'भ' यांचे मोजमाप सारखेच का येते?

अहिराणी_अभ्यासक
एम.ए.च्या प्रबंधासाठी मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अहिराणी भाषकांच्या उच्चारांतील प, फ, ब, भ मोजत आहे. ओठ उघडण्याचा क्षण आणि स्वरतंतूंचे कंपन सुरू होण्याचा क्षण यांतील अंतर, म्हणजे घोषारंभकाळ, मी प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या संगणक-प्रणालीत मोजला. 'प' वेगळा पडतो. 'ब' आणि 'भ' यांचे आकडे मात्र दोन्ही ऋण येतात (कंपन ओठ उघडण्याआधीच सुरू होते) आणि एकमेकांत मिसळतात. कानाला तर फरक स्पष्ट ऐकू येतो. सोमवारी तक्ता द्यायचा असल्याने कृपया लवकर सांगावे.

तापीकाठ
शब्द सुटे वाचून घेतले की वाक्यात? ध्वनिमुद्रण कशावर केले? उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर बंद करून कोणी बसत नाही, आणि त्याची घरघर व विजेची 50 हर्ट्झची गुणगुण ओठ बंद असतानाच्या क्षीण कंपनासारखीच दिसते. माझ्या मते सारा दोष तिथेच आहे. सर्व मुद्रण बंद खोलीत पुन्हा करावे.

वर्णमाला
कूलरचा दोष असता, तर 'प'देखील ऋण दिसला असता. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी 1964 साली 11 भाषांतील स्पर्श व्यंजने (प, ब यांसारखी, हवा क्षणभर पूर्ण अडवून उच्चारलेली) मोजली, त्यांत मराठी आणि हिंदीही होत्या. त्यांनाही या एका मापाने ब आणि भ वेगळे करता आले नव्हते. दोन्हींत कंपन स्फोटाच्या, म्हणजे ओठ उघडण्याच्या, आधीच सुरू होते. 'भ'चे वेगळेपण स्फोटानंतर येते, कारण तेव्हा स्वरतंतू कंप पावत असूनही पुरते मिटत नाहीत आणि पुढच्या स्वराची सुरुवात श्वासमिश्रित होते. म्हणून स्वराच्या आरंभी पहिल्या दोन हार्मोनिक्सच्या (स्वराची मूळ वारंवारता आणि तिची दुप्पट) तीव्रतेतील फरक मोजावा. 'भ'नंतर तो सामान्यतः अधिक येतो.

शाळेतले_कान
लहान मूल 'भ'ऐवजी 'ब' म्हणत असेल, तर वाचादोष ठरवण्यापूर्वी त्याची श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी. पालक याकडे फार दुर्लक्ष करतात.

गिरणाकाठची
येथे मुलाचा प्रश्न नाही. तरीही ऐकण्याकडे वळावे, असे मलाही वाटते, कारण नुसते आकडे श्रोता कशावर विसंबतो हे सांगत नाहीत. 'भ'च्या स्फोटापूर्वीचा भाग कापून तेथे 'ब'चा जोडावा आणि गावातील लोकांना ऐकवावा. त्यांनी 'भ'च ओळखला, तर भेद स्फोटानंतर आहे हे श्रोत्यांकडूनच सिद्ध होईल.

वर्णमाला
चाचणी उत्तम, पण सोमवारपर्यंत ती होणार नाही. आधी मोजमाप पूर्ण होऊ द्यावे.

अहिराणी_अभ्यासक
शब्द वाक्यातले आहेत, मुद्रण मोबाइलवर आहे आणि कूलर चालू होता. हार्मोनिक्सचा फरक आज रात्री मोजतो. 'फ'चे काय करावे? अनेकांच्या उच्चारात स्फोटच सापडत नाही.

वर्णमाला
तेथे ओठ पूर्ण मिटतच नसतील. मराठी भाषकांतही अनेक जण 'फ' खालचा ओठ वरच्या दातांना लावून घर्षकासारखा, म्हणजे हवा न अडवता घासत सोडून, उच्चारतात. ते नमुने घोषारंभकाळाच्या तक्त्यात घालू नयेत, वेगळे नोंदवावेत. कूलरची गुणगुण त्या हार्मोनिक्समध्ये मिसळू शकते, त्यामुळे तापीकाठ यांचे म्हणणे येथे लागू पडते. मोबाइलने मुद्रण कोणत्या स्वरूपात जतन केले आणि गोंगाट आपोआप कमी करण्याची सोय चालू होती का, ते मोजण्यापूर्वी कळवावे.