उतारवयातला चढ: विजेच्या सायकलचे अनुभव

गेल्या आठवड्यात पोटमाळा आवरताना वडिलांच्या सायकलचा डायनॅमो हाती लागला. तिन्हीसांजेला घरी परतताना ते त्याचे डोके टायरला टेकवत, आणि मग घाटी चढताना डायनॅमोची घरघर आणि त्यांची धाप, दोन्ही पडवीपर्यंत ऐकू येत. त्याच सायकलच्या दांडीखालून पाय घालून मी शिकले, लग्नानंतर सोडली, आणि गेल्या दिवाळीत, वयाच्या 63व्या वर्षी, विजेची सायकल घेतली. आमचे घर गुहागरजवळ आगरात आणि नेहमीची खरेदी वर शृंगारतळीला, त्यामुळे जाताना चढ काही चुकत नाही. पायडल मारावेच लागते. मात्र ते फिरू लागले की मागच्या चाकातली मोटार, कुणी कॅरिअरला हात लावून ढकलावे तशी, पुढे रेटते. साठीच्या आसपास ज्यांनी अशी सायकल धरली त्यांनी आपले अनुभव लिहावेत, फजितीचे तर अवश्य.

निवृत्त मास्तर
फजितीपासूनच सुरुवात करतो. आरे-वारेच्या चढाआधी मी पाणी प्यायला थांबलो होतो. मोटारीच्या मदतीची पातळी पाचवरच, म्हणजे जोरावरच, राहिली होती आणि ब्रेकवर बोट नव्हते. जुन्या सवयीने पायडलवर पाय टेकला, ते थोडे फिरले, आणि सायकल हिसका देऊन पुढे गेली. मी सुरूच्या मुळाशी बसलेला पाहून एका पर्यटकाने आधी फोटो काढला आणि मग हात दिला. तेव्हापासून थांबताना पातळी 1 वर आणतो आणि ब्रेक दाबून धरतो, कारण ब्रेक दाबलेला असेपर्यंत मोटारीला वीज मिळत नाही.

सड्यावरचा
मास्तर, फोटो असेल तर इथे अवश्य लावा. दुकानदाराने मला एका चार्जमध्ये 40 किलोमीटर सांगितले होते, परंतु आमच्या चढउतारांवर ती 26 च्या पुढे कधीच गेली नाही. एकदा बॅटरी घाटीच्या मध्यावर संपली, आणि 24 किलोची सायकल ढकलत सड्यावर पोचेपर्यंत जांभ्याची लाल धूळ घामात कालवून मी ओळखू येईनासा झालो होतो. कुत्रा घरचाच असूनही भुंकला.

मालवणची काकू
चढापेक्षा आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याचा जाच मोठा आहे. पहिल्याच पावसाळ्यात सायकल कधी चाले, कधी न चाले. मेकॅनिकने दोनदा पैसे घेतले आणि दोनदा मोटारीलाच दोष दिला. अखेरीस मीच बॅटरी काढून बघितली तेव्हा ती जिथे बसते त्या पिनांवर, न घासलेल्या तांब्याच्या कळशीवर धरतो तसा, हिरवा कळंक धरलेला दिसला. सुक्या टूथब्रशने तो घासून काढला आणि सायकल सुरू झाली. आता जूनपासून बॅटरी काढून घरात, कोरड्या कपाटात ठेवते; ती अर्धी भरलेली असावी, पूर्ण भरून किंवा पार रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवू नये. पाण्याचा पाइप तर चाकाच्या मधल्या मोटारीवर कधीच रोखू नये. आमचे हे गाडी धुतल्यासारखी सायकल धुवायचे. त्यांच्या हातातला पाइप मी काढून घेतला आहे.

खाडीकाठ
धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरतो आणि पुढचा चढ मोटारीच्या आधाराने चढतो. पूर्वी या खेपेसाठी मुलाची मोटारसायकल मागावी लागे आणि त्याच्या सोयीची वेळ धरावी लागे. गुडघा दुखतोच, पण चढावर पूर्वीसारखा अडून बसत नाही. एक शंका आहे: माझ्याकडे वाहन परवाना नाही, कुणी अडवले तर काय सांगावे?

निवृत्त मास्तर
मोटार 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे ती मोटार वाहनात धरली जात नाही, म्हणून परवाना आणि नोंदणी दोन्ही लागत नाहीत. मात्र वेगाची मर्यादा काढून देणारे काही दुकानदार भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. परवाना लागत नसला तरी हेल्मेट मी घालतो, त्याचे कारण वर आलेच आहे.

माहेरवाशीण
घाईत लिहिते आहे, आमसुले उन्हात आहेत आणि आभाळ भरून आले आहे. विजेच्या बिलाची भीती घालून सासूबाईंना कुणीतरी अडवले होते. त्यांची बॅटरी 36 व्होल्ट आणि साडेसात अँपिअर-अवरची आहे, म्हणजे एका चार्जला युनिटचा फार तर तिसरा हिस्सा लागतो. हा हिशेब दाखवल्यावर त्या 66व्या वर्षी तयार झाल्या, आणि आता पाखाडीखालच्या साकवापर्यंत सायकल आणून ठेवा, एवढाच त्यांचा हुकूम असतो.

सड्यावरचा
ताई, तो डायनॅमो विकणार असाल तर कळवा. माझ्या वडिलांच्या सायकलला दिवा आहे, डायनॅमो हरवला.

धागाकर्ती
विकणार नाही, दादा. काल रॉकेलने पुसून तेल घातले आणि बोटाने फिरवून पाहिला, तर घरघर अजून तशीच आहे. तुमच्याकडचा दिवा मात्र एकदा घेऊन या, लावून बघू.