मिशेल पाग्लियारो: दोन भाषांत गायल्याने फायदा झाला की नुकसान?

मॉन्ट्रियलवासी:
कॅनडाच्या रॉकचा विषय निघाला की नील यंग, रश सगळ्यांना आठवतात, पण आमच्या मॉन्ट्रियलच्या मिशेल पाग्लियारोचं नाव कोणी काढत नाही, फार वाईट वाटतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा गायक दोन्हीकडे हिट देत होता, इंग्रजीत 'लव्हिन यू एंट ईझी' आणि फ्रेंचमध्ये 'जांतां फ्रापे'. माझं स्पष्ट मत, दोन डगरींवर पाय ठेवून नुकसान झालं. एकच भाषा धरली असती तर आज केवढं नाव असतं!

रिफप्रेमी:
अजिबात पटलं नाही. 'लव्हिन यू' १९७२ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर ३१व्या नंबरपर्यंत गेलं, ही काय छोटी गोष्ट आहे का? आणि ही दोन गाणी लागोपाठ ऐकून बघा. इंग्रजीत बीटल्सच्या वळणाची गोड चाल, आवाज सांभाळून लावलेला, आणि फ्रेंचमध्ये तोच गळा असा खरवडून काढलाय की अंगावर काटा येतो. एकाच भाषेत राहिला असता तर यातला एक पाग्लियारो आपल्याला मिळालाच नसता.

रेडिओवेडा:
एक राहिलं. १९७१ पासून कॅनडात रेडिओवर ३० टक्के गाणी कॅनेडियन हवीत असा नियम आला, त्यामुळे इंग्रजी स्टेशनांना अशा गायकांची गरजच होती. म्हणजे इंग्रजीत गायला ते अगदी योग्य वेळी.

मॉन्ट्रियलवासी:
इंग्रजी कॅनडापुरतं ठीक हो, पण मॉन्ट्रियल ज्या फ्रेंचभाषक प्रांतात आहे त्या क्युबेकचं काय? १९७० चं ऑक्टोबर क्रायसिस, म्हणजे क्युबेक वेगळं करू पाहणाऱ्या गटाने केलेली अपहरणं, १९७६ ला वेगळ्या क्युबेकची मागणी करणाऱ्या पार्टी क्युबेक्वा पक्षाची सत्ता, पुढच्याच वर्षी फ्रेंच सक्तीचा कायदा, बिल १०१. भाषा हा तिथे जिव्हाळ्याचा आणि भांडणाचा प्रश्न होता, अशा वेळी इंग्रजीत गाणाऱ्याला आपला कसा म्हणणार लोक? क्युबेकचाच गायक रोबेर शार्लबुआ, त्याने १९६८ मध्ये 'लिंडबर्ग' हे गाणं काढलं ते तिथल्या बोलीतल्या फ्रेंचमध्ये, त्यालाही रॉकच म्हणतात ना. तो क्युबेकचा आवाज झाला, पाग्लियारोला ती जागा मिळाली नाही.

रिफप्रेमी:
शार्लबुआ मोठाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण क्युबेकने पाग्लियारोला टाकलं हे साफ चूक. १९८८ मध्ये 'सू पेन दामूर' हा फ्रेंच अल्बम घेऊन आला तेव्हा त्याच लोकांनी परत डोक्यावर घेतलं की! २००८ ला गव्हर्नर जनरलचा परफॉर्मिंग आर्ट्स पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी, त्याच पुरस्कारांमध्ये ट्रॅजिकली हिप या कॅनेडियन रॉक बँडला नॅशनल आर्ट्स सेंटर पुरस्कार मिळाला होता.

मॉन्ट्रियलवासी:
पुरस्कार मिळाला याचा आनंदच आहे. पण ट्रॅजिकली हिपची गाणी कॅनडाभर लोकांना पाठ आहेत आणि याचं 'व्हॉट द हेल आय गॉट' १९७५ चं असून क्युबेकबाहेरच्या तरुण पोरांना विचारा, किती जणांनी ऐकलंय? मी माझ्या मतावर ठाम आहे.