न्यूझीलंडचं दक्षिण बेट, सोबत सासू-सासरे : आखणी जमतेय का ते सांगा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळी झाली की न्यूझीलंडला जायचा विचार पक्का होत आलाय. आम्ही पाच जण आहोत : मी, नवरा, सहावीतली लेक आणि सासू-सासरे. सासरे पंचाहत्तरीला आलेत, पण रोज सकाळी गोदाकाठी फिरून येतात. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, पायऱ्या नको वाटतात, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत.

न्यूझीलंडच का, तर सासऱ्यांसाठी. ते माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. हिमनदी दरी कशी कोरते, समुद्र आत घुसून फ्योर्ड कसा तयार होतो, हे त्यांनी फळ्यावर खडूने काढून पिढ्यानपिढ्या मुलांना समजावलं, पण स्वतः एकही हिमनदी पाहिलेली नाही. शिवाय त्यांना ताऱ्यांचा नाद आहे. थंडीत गच्चीवर नेऊन नातीला दक्षिणेकडे खाली टेकलेला अगस्त्य दाखवतात. टेकापो तलावाच्या परिसराला २०१२ साली अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली, हे त्यांनीच मला सांगितलं. तिथलं आकाश त्यांना दाखवायचंच, एवढं मी मनाशी धरलंय.

सहल कंपन्यांकडे चौकशी केली. बहुतेक ठिकाणी दोन्ही बेटं बारा-तेरा दिवसांत, जवळजवळ रोज नवं हॉटेल आणि भल्या पहाटे बॅगा दाराबाहेर. सासूबाई ऐकूनच म्हणाल्या, "मला नका नेऊ, तुम्ही जाऊन या." त्यांना मागे ठेवून जायचं नाही. म्हणून उत्तर बेट सोडून फक्त दक्षिण बेट, आणि गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची, असं ठरवतोय. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि नवऱ्याला घाटाची सवय आहे.

आमचा कच्चा आराखडा असा आहे. भाऊबीज झाली की तीन-चार दिवसांत निघायचं, मुंबईहून सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्च. उतरलो की गाडी घेऊन थेट टेकापो. तिथून माउंट कुक, मग क्वीन्सटाउन, तिथूनच एका दिवसात मिलफर्ड साउंड (हा फ्योर्डच) करून परत. पुढे वानाका, हास्ट खिंडीतून पश्चिम किनारा, फ्रान्झ जोसेफ (हिमनदीचं गाव), होकिटिका, आणि आर्थर्स पासवरून पुन्हा क्राइस्टचर्च. एकूण सोळा रात्री हाताशी आहेत.

माहीतगारांना विचारायचं ते हे : अंतरं ज्येष्ठांना झेपतील का? मिलफर्ड एका दिवसात उरकावं का? हिमनदी पाहायला सासूबाईंना किती चालावं लागेल? घरून खायचं काय नेता येतं? (विमानतळावर दंड होतो म्हणतात.) आणि मोटरहोमचा (आत राहता-झोपता येईल अशा गाडीचा) मोह लेकीला फार आहे, तो पुरवावा का? कुणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर त्यांनी जरूर लिहा. कुठे काय पाहावं याच्या याद्या भरपूर मिळाल्यात, मला वेग किती ठेवावा हे कळत नाहीये.

प्रतिसाद :

ताई, मी क्राइस्टचर्चला राहतो. गावाकडून आलेल्या बऱ्याच मंडळींना हा फेरा करताना पाहिलंय. उत्तर बेट सोडलंत हे उत्तम केलंत. आता माझं स्पष्ट मत सांगतो : हाच फेरा उलटा करा.

एक तर तुमचं इथलं घड्याळ भारतापेक्षा साडेसात तास पुढे असेल. रात्रभर विमानात अवघडून आल्यावर लगेच टेकापोपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर गाडी चालवणं नवऱ्यासाठी बरं नाही. दोन रात्री इथेच काढा, झोप भरून घ्या, एवन नदीकाठच्या बागेत फिरा.

दुसरं कारण खास तुमच्या सासऱ्यांसाठी. भाऊबीजेनंतर तीन-चार दिवसांनी निघालात तर सुरुवातीला टेकापोला शुक्ल पक्षातली षष्ठी-सप्तमी असेल. चंद्र संध्याकाळपासून डोक्यावर आणि मावळणार मध्यरात्रीनंतर. अंधाऱ्या आकाशासाठी गेलात आणि चांदणं पडलेलं! फेरा उलटा केलात तर टेकापो शेवटी येतं, तोवर त्रिपुरी पौर्णिमा मागे पडून कृष्ण पक्ष लागलेला असतो. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो. नोव्हेंबरअखेर इथे सूर्यच नऊच्या सुमारास मावळतो, खरा अंधार पडायला अकरा वाजतात, त्यामुळे त्या दिवशी दुपारी सगळ्यांना झोपवा. सासऱ्यांना सांगा, अगस्त्य इथे क्षितिजाला टेकत नाही. या अक्षांशावर तो कधी मावळतच नाही. मृग नक्षत्र चक्क उलटं दिसतं, आणि मॅजेलनचे दोन्ही ढग (आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तलावाकाठची जांभळी-गुलाबी ल्युपिनची फुलंसुद्धा नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत असतात, म्हणजे तीही भरात मिळतील. (दिसायला सुरेख, पण मूळची इथली नाहीत. नदीपात्रात पसरून तिथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा बळकावतात, त्यामुळे बी-बी गोळा करू नका.)

मिलफर्ड क्वीन्सटाउनहून एका दिवसात करू नका, हे मी हात जोडून सांगतो. एका बाजूचं अंतर २८५ किलोमीटरच्या आसपास, चार तास जायला, चार यायला, मध्ये दोन तास बोट. सासूबाईंचे गुडघे गाडीतच आखडतील. 'ते आनाऊ' (Te Anau) नावाच्या गावात तीन रात्री राहा. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटरच्या आत आहे आणि अर्धी मजा त्या रस्त्यातच आहे : हिमनदीने कोरलेल्या यू आकाराच्या दऱ्या, आरशासारखी तळी, आणि मग होमर बोगदा. १९३५ साली काम सुरू झालं, १९५४ साली वाहतूक. सव्वा किलोमीटरचा, आतून ओबडधोबड कातळ, आणि मिलफर्डच्या बाजूला उतरत जाणारा. बाहेर पडलात की समोर सरळसोट कडे. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. निघताना ते आनाऊत टाकी भरून घ्या, वाटेत मोबाइलला रेंज नसते.

मिलफर्डला पाऊस लागला तर हिरमुसू नका. वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा. कोरड्या दिवशी बोटीतून दोन मोठे धबधबे दिसतात, पावसात अख्खा कडा धबधब्यांनी भरून जातो. तीन रात्री असल्या की हवा बघून दिवस निवडता येतो. वाळूमाश्या मात्र कडकडून चावतात. पायात मोजे आणि अंगाला लावायचं मलम हवंच.

हिमनदीबद्दल : फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स दोन्ही खूप मागे हटल्यात. पायी दरीतून जाऊन बर्फाला हात लावता येईल अशी आशा ठेवू नका. फॉक्सच्या दरीत जाणारा रस्ता २०१९च्या दरडींनंतर कायमचा बंद झालाय. सासऱ्यांना खरोखर हिमनदीवर पाय ठेवायचा असेल तर हेलिकॉप्टर. महाग आहे, आणि ढग आले की उड्डाण रद्द होतं, म्हणून तिथेही दोन रात्री ठेवा. इतकी वर्षं शिकवलेल्या गोष्टीवर उभं राहणं... मला विचाराल तर एखादं चांगलं हॉटेल कमी करा, पण हे करा.

मोटरहोम नको. पायरी चढून आत जायचं, रात्री चिंचोळ्या जागेतून उठायचं, हे सासूबाईंना रोज करावं लागेल. त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं मोटेल घ्या. पाच माणसांना दोन खोल्यांचं युनिट मिळतं, त्यात शेगडी, भांडी, फ्रीज सगळं असतं. 'तळमजला हवा' असं आरक्षण करतानाच लिहा.

खाण्याचं : प्रवाशांनी भरायच्या घोषणापत्रावर अन्नाचा प्रत्येक पदार्थ जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड. विमानात दिलेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं तरी तोच दंड. मध, ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं अजिबात नको, दुधाचे घरगुती पदार्थही टाळा. डाळ-तांदूळ ओढून आणू नका, क्राइस्टचर्चला भारतीय किराणा दुकानं आहेत. पहिल्याच दिवशी भरून घ्या, कारण पश्चिम किनाऱ्यावर असं सामान सहजी मिळणार नाही. बुटांना माती असेल तर ते घासून आणा, तेही तपासतात.

प्रतिसाद :

मी आईबाबांना घेऊन गेले होते, म्हणून दोनच गोष्टी. तिथे अपघातात इजा झाली तर सरकारी योजनेतून पर्यटकांनाही उपचार मिळतात, पण आजारपण त्यात येत नाही. सासूबाईंचा मधुमेह विमा कंपनीला आधीच सांगा आणि आधीपासूनच्या आजाराला संरक्षण देणारी पॉलिसी घ्या, ज्येष्ठांसाठी प्रीमियम जास्त बसला तरी. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

आणि तिकीट स्वस्त दिसतंय म्हणून ऑस्ट्रेलियामार्गे घेऊ नका. आपल्या पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूरला विमानतळाबाहेर पडला नाहीत तर लागत नाही.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. अगस्त्य मावळत नाही म्हटल्यावर ते उठून पंचांग घेऊन आले आणि तुमचा हिशोब बरोबर आहे म्हणाले! फेरा उलटा करतोय. ते आनाऊ तीन रात्री, फ्रान्झ जोसेफ दोन. क्वीन्सटाउनच्या कमी केल्या.

पण त्यातून एक नवीनच प्रश्न निघाला. टेकापोच्या मुक्कामात संकष्टी येतेय, आणि सासूबाई चंद्र पाहिल्याशिवाय जेवत नाहीत. चंद्रोदय कुठला धरायचा? आणि आर्थर्स पासवरून क्राइस्टचर्च-ग्रेमाउथ आगगाडी जाते म्हणे, ती ज्येष्ठांना बरी का? नवरा एकटा गाडी आणेल.

प्रतिसाद :

चंद्रोदय इथला धरायचा, पंचांगातली मुंबईची वेळ इथे चालत नाही. आमच्या घरी तसंच करतात. मात्र त्या रात्री इथे चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवेल आणि टेकापोला डोंगराआडून दिसायला आणखी वेळ लागेल. मधुमेहात इतका वेळ रिकाम्या पोटी राहणं योग्य नाही, तेव्हा डॉक्टरांशी आणि सासूबाईंशी आत्ताच बोलून ठेवा. साबुदाणा इथल्या दुकानात मिळतो.

आगगाडी जरूर घ्या. क्राइस्टचर्चहून सकाळी निघते आणि दुपारी ग्रेमाउथला पोचते, २२३ किलोमीटर. मोठ्या काचा आहेत, उठून पाय मोकळे करता येतात, आणि साडेआठ किलोमीटरचा ओटिरा बोगदा सासऱ्यांना आवडेल, १९२३चा आहे. नवऱ्याने गाडी घेऊन ग्रेमाउथ स्टेशनवर भेटायचं. पश्चिम किनाऱ्यावर एकेरी पूल बरेच लागतात. निळ्या पाटीवर तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर तुम्ही आधी. लाल वर्तुळाच्या पाटीत तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. हे नवऱ्याला निघण्याआधी तोंडपाठ करायला लावा.

विमानाची तिकिटं झाली की सगळ्यात आधी माउंट कुक गावातली खोली पाहा. तिथे राहायच्या जागा मोजक्या आहेत आणि नोव्हेंबरच्या खूप आधी भरतात. नाही मिळाली तर टेकापोलाच तीन रात्री ठेवून एक दिवस जाऊन या, शंभरेक किलोमीटर आहे. गावातल्या बाकावर बसूनही ३,७२४ मीटरचा आओराकी (माउंट कुकचं माओरी नाव) समोर दिसतो, सासूबाईंना एक पायरी चढावी लागणार नाही.