मदत हवी आहे: दादा बोलंना झालाय, त्याला कळू न देता औषध देता येईल का?

पूर्णाकाठ (१९ जून २०२१, रात्री ११:४०)
नमस्कार. कुणीतरी लवकर सांगा, घरातले सगळे हैराण झालेत. माझा मोठा भाऊ, वय ४४. दीड-दोन महिने झाले, धड बोलंना. दिवसभर माडीवर पडून असतो. जेवायला हाका मारून मारून वहिनी थकली. पहाटे तीनलाच उठून ओट्यावर बसतो. बारावीची परीक्षा रद्द झाली, आता पुढं काय करू म्हणून पोरीनं विचारलं तर तिच्याकडं नुसतं बघत राहिला. डॉक्टरकडं चल म्हटलं की 'मी येडा झालो का' म्हणून उठून जातो. मला एवढंच सांगा, चहात नाहीतर वरणात टाकून देता येईल अशी उदासीपणावरची गोळी कोणती? मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठीशिवाय देईल.

बालाघाट (१९ जून, ११:५८)
गाव कोणतं? दादा काम काय करतात? शुगर, बीपी, दारू? आधी कधी असं झालं होतं का? एवढं तरी लिहा हो, नाहीतर कोण काय सांगणार.

मांजराकाठ (२० जून, सकाळी ६:१०)
भाऊ, गोळीच्या नादी लागू नका, मी स्वतः यातून गेलोय. मागच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये पगार निम्म्यावर आला आणि माझीही झोप उडाली होती. पहाटे शिवारात चालणं, अनुलोम-विलोम, रात्री दुधात अश्वगंधा. मोबाइलवर कोण गेलं, किती गेले हे बघणं बंद केलं. पोळ्यापर्यंत माणसात आलो. उद्या योग दिनच आहे, दादांना चटईवर बसवा. गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही.

रेणुकाभक्त (२० जून, ७:३५)
तीन वाजता उठून बसणं चांगलं लक्षण नाही. बाहेरचं काही आहे का ते जाणत्या माणसाकडून बघून घ्या, मग माहूरला नेऊन आणा. आमच्या भावकीत असंच झालं होतं, आईनं बरं केलं.

शेतीमातीतला (२० जून, ७:५०)
साहेब, देवळं बंद आहेत. माहूरला जाऊन पायरीला हात लावून परत यायचं का? आणि बाहेरचं वगैरे सांगून त्या माणसाला आणखी भेवाडू नका.

रेणुकाभक्त (२० जून, ८:०४)
श्रद्धा तुमची नसेल, आमची आहे. पायरीच्या दर्शनानंसुद्धा मन हलकं होतं.

परिचारिका_नांदेड (२० जून, ९:२०)
पूर्णाकाठ दादा, मी सरकारी दवाखान्यात काम करते, डॉक्टर नाही. पण चहातली गोळी मनातून काढून टाका. ही औषधं सगळ्यांना एकसारखी चालत नाहीत. ज्याला पूर्वी कधी याच्या उलट, म्हणजे झोपच नको, अंगात नुसता जोर, पैसे उधळणं, असं झालेलं असतं त्याचा आजार एकट्या या गोळीनं भडकू शकतो. शिवाय चालू असलेल्या दुसऱ्या औषधाशी ती जुळत नसेल तर? आणि ज्या दिवशी दादांना कळेल, त्या दिवसापासून ते वहिनींच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत.
आता मला सांगा: त्यांना कोविड झाला होता का? कोणती औषधं चालू आहेत? वजन उतरलंय का? मरणाबिरणाचं काही बोलतात का?

पूर्णाकाठ (२० जून, दुपारी १:१५)
परभणी जिल्हा. दादाचं मंडप-डेकोरेशनचं काम आहे. मागच्या वर्षीची लगीनसराई लॉकडाऊनमध्ये गेली. या वर्षी कर्ज काढून नवीन कापड, खुर्च्या घेतल्या आणि एप्रिलमध्ये २५ माणसं अन् दोन तासांचा नियम आला. २५ माणसांना मंडप कोण घालतं? घेतलेले इसार परत करायला लागले.
कोविड झाला होता, एप्रिलमध्येच. ऑक्सिजनवर होता. आई त्याच दवाखान्यात होती, ती गेली. दादा खाली बेडवर होता, त्याला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, अग्नी मीच दिला. हे तर या वर्षी घरोघर झालंय म्हणून वर लिहिलं नाही. घरी येताना गोळ्या दिल्या होत्या, त्यातल्या काही त्यानं मधेच सोडल्या. मरणाचं नाही बोलत, पण 'माझ्याऐवजी आई राहायला पाहिजे होती' असं वहिनीला दोनदा म्हणाला. तरी गोळीचं नाव सांगाच.

बालाघाट (२० जून, १:४०)
अरे भाऊ, एवढं मोठं घडलंय आणि तुम्ही वरणात काय टाकू विचारताय! दादांना आईचं रडू तरी आलंय का? चौदावं नीट झालं का, माणसं येऊ शकली का?

शेतीमातीतला (२० जून, २:०५)
कर्ज बँकेचं आहे की सावकाराचं? बँकेचं असेल तर मॅनेजरला लेखी अर्ज द्या, हप्ते पुढं ढकलून मागा, पोच घ्या. माझ्या मेव्हण्यानं खुर्च्या लसीकरण केंद्राला भाड्यानं दिल्या, तसं बघा. तुमच्याकडं पेरणीजोगा पाऊस झाला का? आमच्याकडं सोयाबीन पेरून बसलोय, वर बघतोय.

मांजराकाठ (२० जून, २:३०)
म्हणजे हा आजार नाहीच, हे दुःख आहे. दुःखाला काळ हेच औषध. परत सांगतो, गोळी नको, सवय लागते.

परिचारिका_नांदेड (२० जून, ४:१०)
मांजराकाठ सर, तुम्ही बरे झालात त्याचा आनंद आहे. चालणं, झोपेची वेळ हे चांगलंच. पण सवय लागते त्या झोपेच्या गोळ्या वेगळ्या आणि उदासीनतेवरच्या वेगळ्या. उदासीनतेवरच्या गोळ्या डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करून बंद करता येतात, एकदम सोडायच्या नसतात एवढंच. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. लोक आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून फेकून देतात आणि मग गोळीला नावं ठेवतात.
दुःख आहेच. पण दुःखातला माणूस आईची आठवण काढून रडतो, मधेच नातवंडात, गुराढोरात रमतो. इथं दोन आठवड्यांच्या वर जेवण नाही, झोप नाही, पोरीशी बोलणं नाही, आणि आपणच मरायला हवं होतं ही टोचणी. हे डॉक्टरनं बघायलाच पाहिजे.
पूर्णाकाठ दादा, डिस्चार्जची फाइल काढा. मधेच सोडलेली गोळी स्टेरॉइड होती का बघा. स्टेरॉइडनं मन आणि झोप दोन्ही बिघडू शकतात, ते एकदम सोडल्यानं गळाठा येऊ शकतो, आणि त्यानं शुगर चढते. थायरॉइड, बी-१२ पण तपासून घ्या.
आणि एक काम आजच. दादांना सरळ विचारा, 'जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?' विचारल्यानं डोक्यात तसं भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. पेरणीचे दिवस आहेत, फवारणीचं औषध घरात असेल तर आजच्या आज दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, रात्र असली तरी सरळ जिल्हा रुग्णालयात न्या.

मांजराकाठ (२० जून, ४:४५)
हे शेवटचं मला माहीत नव्हतं. तेवढं आधी करा भाऊ. प्राणायामाचं नंतर बघू.

देवगिरी_७१ (२० जून, सायं. ६:००)
घाटी दवाखान्यात न्या, औरंगाबादला सगळं मिळतं.

बालाघाट (२० जून, ६:२०)
परभणीहून औरंगाबाद कशाला? प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचा विभाग आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ पासून आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे, आशाताईंना विचारलं तरी त्या वाट दाखवतात. १०४ वर फोन करूनही बोलता येतं. दादा उठतच नसतील तर डॉक्टर व्हिडिओवर बघू शकतात, मार्च २०२० पासून तशी परवानगी आहे.

पूर्णाकाठ (२० जून, रात्री १०:३०)
विचारलं. आधी चिडला. मग म्हणाला, मनात येतं, पण पोरीकडं बघून थांबतो. आम्ही दोघंही रडलो. औषधाचे डबे चुलत्याकडं नेऊन ठेवले. आज मी त्याच्याजवळच झोपतोय. उद्या सोमवार, नेतोच. पण काय सांगून नेऊ? शुगर तपासायची म्हणू का?

परिचारिका_नांदेड (२० जून, १०:४२)
खोटं कशाला? 'कोविडनंतरची तपासणी करायची आहे, झोप येत नाही तेही सांगू' म्हणा, हे खरंच आहे. फाइल, उरलेल्या गोळ्या, रिकामी पाकिटं, आधारकार्ड सोबत घ्या. वहिनींनाही न्या, जेवणाझोपेचं त्याच नीट सांगतील. रात्रीत बेचैनी वाढली तर सकाळची वाट बघू नका.

रेणुकाभक्त (२० जून, ११:०५)
दवाखान्यात आधी न्या. आई पाठीशी आहे. गाडीची अडचण असेल तर कळवा, माझा भाचा परभणीत आहे.

मानार_खोरे (२७ नोव्हेंबर २०२२)
वडिलांसाठी शोधताना हा धागा सापडला. अजून कुणी वाचत असेल तर: या ऑक्टोबरपासून टेलिमानस ही मनाच्या आजारासाठीची सरकारी हेल्पलाइन सुरू झालीय, नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. माझे वडील स्वतः बोलायला तयार नव्हते, म्हणून आधी मीच बोलले.