उन्हाळ्यात डायएथिल इथर: कूलरची लॅब, गरम नळाचं पाणी आणि कपाटातली जुनी बाटली

लॅब_सहायक_नागपूर (प्रश्न)

सायन्स कॉलेज, रसायनशास्त्र विभाग. एप्रिल-मे मध्ये एमएस्सीच्या विद्यार्थ्यांचं तेलबियांतून तेल काढायचं काम असतं. सॉक्सलेटचे (द्रावक उकळवून, वाफ थंड करून तोच पुन्हा पुन्हा बियांवरून फिरवणारे) चार संच, द्रावक डायएथिल इथर (खाली नुसता इथर), गरम करायला हीटिंग मँटल (चंबूभोवती बसणारं विजेचं तापक). लॅबला एसी नाही, खिडकीत डेझर्ट कूलर आहे. दुपारी आतलं तापमान 38 ते 40 अंशांवर असतं.

अडचणी अशा:

1. कंडेन्सरला (वाफ थंड करणाऱ्या काचेच्या नळीला) गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं. दुपारनंतर इथर टिकतच नाही, चंबू कोरडा पडायला येतो.
2. 500 मिलीच्या सहा बाटल्या नुकत्याच आल्या आहेत. स्टाफरूममध्ये घरगुती फ्रिज आहे, त्यात ठेवाव्यात का?
3. कपाटाच्या तळाशी इथरची एक अर्धी भरलेली बाटली सापडली. लेबलवरची तारीख पुसली गेली आहे, झाकणाच्या कडेला पांढरा थर दिसतो. डेड स्टॉकच्या नोंदवहीतून निर्लेखन करायचं (नाव कमी करायचं) म्हणून ऑफिसला ती बाटली समक्ष पाहायची आहे.

---

बाष्पदाब

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकी दोन उद्यापर्यंत थांबू शकतात. त्या बाटलीला हात लावू नका. झाकण फिरवून पाहू नका, थर पुसू नका, ऑफिसला नेऊन दाखवू नका. कोणी आधीच उचलून टेबलावर ठेवली असेल तर ती आता आहे तिथेच राहू द्या.

इथर हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जोडला जाऊन पेरॉक्साइड तयार होतात. उजेड आणि उष्णता यांनी हा वेग वाढतो. पेरॉक्साइड इथरसारखे उडून जात नाहीत. झाकणातून इथर झिरपत बाहेर जातो आणि पेरॉक्साइड मागे साठत राहतात, सगळ्यात जास्त झाकणाच्या आट्यांत, कारण तिथे पातळ थर सतत वाळत असतो. अशा वेळी झाकण फिरवताना होणारं घर्षणसुद्धा स्फोटाला पुरतं. पांढरा थर धुळीचा असू शकतो, पण ते ठरवायला बाटली उघडावी लागेल, आणि तेच करायचं नाही.

खोली बंद करा, दारावर कागद लावा, विभागप्रमुख आणि प्राचार्यांना लेखी कळवा. त्यांच्यामार्फत पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवायचं. पेरॉक्साइड धरलेली बाटली हे त्यांचंच काम आहे. निर्लेखनासाठी दुरून, फ्लॅश न वापरता काढलेला फोटो आणि विभागप्रमुखांचं पत्र द्या. वस्तू समक्ष दाखवण्याचा आग्रह कुणी धरला तर नकार द्या, तोही लेखी.

आता पाणी. इथर 34.6 अंशांना उकळतो. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी सहज 40 च्या पुढे जातं. कंडेन्सरमधलं पाणीच उत्कलनबिंदूपेक्षा गरम असेल तर वाफ परत द्रवात येणार कशी? ती सरळ वरून लॅबमध्ये जाते. चंबू कोरडा पडतो ही अर्धीच अडचण आहे. चंबूतून उडालेला इथर खोलीत आहे, ही उरलेली आणि मोठी अर्धी.

हिशेब करून पाहा. 100 मिली इथरची सुमारे 24 लिटर वाफ होते. हवेत 1.9 टक्के वाफ झाली की ती पेटू शकते, म्हणजे या 100 मिलींनी सव्वा घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. वाफ हवेच्या अडीचपट जड असते. ती टेबलावरून खाली ओघळते, जमिनीलगत पसरते आणि मोरीच्या जाळीतून शेजारच्या खोलीतही पोचते. पेटवायला ज्योतच लागते असं नाही. आपोआप पेट घेण्याचं तापमान फक्त 160 ते 180 अंश आहे. हॉटप्लेटची तापलेली पाटी त्याच्या बरीच वर असते.

त्यामुळे:

मँटल काढा. त्याच्या रेग्युलेटरमध्ये ठिणगी पडते आणि चंबू कोरडा पडला की काच आतून भाजते. दुसऱ्या खोलीत तापवलेलं 45-50 अंशांचं पाणी भांड्यात आणून ओता, इथरला तेवढं भरपूर झालं.

कंडेन्सरला टाकीचं पाणी नको. थर्माकोलच्या पेटीत बर्फाचं पाणी आणि छोटा सबमर्सिबल पंप, पेटी टेबलापासून लांब, शक्य तर दाराबाहेर. पंपाचा प्लग आणि बटणही तिथेच. एका संचात दर दहा मिनिटांनी साधारण 100 मिली इथर फिरत असेल तर नुसत्या हिशेबाने तासाला अर्धा किलो बर्फ लागतो. आपल्या उन्हाळ्यात दुप्पट धरा. चार संच, सहा तास म्हणजे 24 किलो. एवढा बर्फ रोज आणणं जमत नसेल तर मे महिन्यात हे काम इथरने करू नका. वीज गेली की पंप थांबतो, पण पाण्याची ऊब तशीच असते. त्यामुळे गरम पाण्याचं भांडं एका हाताने खाली घेता येईल असं जॅकवर ठेवा आणि संच सोडून जेवायला जाऊ नका.

---

फ्युमहूड_वाली

कूलरबद्दल थोडं, कारण तो नेहमी विसरला जातो. फ्युम हूडची (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या, पंखा बसवलेल्या काचेच्या कपाटाची) हवा आत ओढण्याची गती सेकंदाला साधारण अर्धा मीटर असते. समोरच्या खिडकीतल्या डेझर्ट कूलरचा झोत त्याच्या कितीतरी पट. झोत हूडच्या तोंडावर आडवा आला की आतली वाफ बाहेर खेचली जाते आणि पंखा चालू असूनही हूड कामाचा राहत नाही. शिवाय कूलरची मोटर आणि बटण ठिणगीरोधक नसतात. इथर उघडा असताना कूलर बंद ठेवा, किंवा त्याचा झोत हूडच्या उलट दिशेला वळवा. हूडच्या काचेवर टिश्यूची एक पट्टी चिकटवा. ती सतत आतल्या बाजूला झुकली पाहिजे.

काम सकाळी सातला सुरू करून अकराच्या आत संपवा. नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर दुपारी इथरची बाटली उघडूच नका. 45 अंशांना बंद बाटलीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ 40 टक्के जास्त असतो. झाकण सैल होताच इथर उसळून हातावर येतो. आधी बंद बाटली अर्धा तास बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवा, कोरडी पुसा, मग हूडमध्ये उघडा.

सेपरेटिंग फनेललाही (द्रवांचे थर वेगळे करायच्या तोटीच्या नरसाळ्यालाही) हाच नियम. द्रावण थंड करूनच हलवा, एकदा हलवलं की लगेच नळीचं तोंड हूडच्या आत वर धरून वाफ सोडा. सोडियम बायकार्बोनेटने धुताना तर आणखी जपून, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडची भर पडते.

---

द्रावक_साठा

घरगुती फ्रिज: नाही. थंड केलं की इथर सुरक्षित होतो हा समज चुकीचा आहे. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेटण्याइतकी होते तो, उणे 45 अंश आहे. उणे 20 च्या फ्रीझरमध्ये इथर सांडला तर तिथल्या हवेत वाफेचं प्रमाण 8-9 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि पेटण्याची मर्यादा आहे 1.9 ते 36 टक्के. खालच्या कप्प्यात 4 अंशांना हेच प्रमाण 29 टक्क्यांपर्यंत. दोन्ही मर्यादेच्या आतच. मग थर्मोस्टॅट खट् करतो किंवा दिव्याचं बटण दाबलं जातं, आणि दार उडतं. सैल झाकणाची एक बाटली याला पुरते. आत ठिणगीचं कोणतंही साधन नसलेला, ज्वलनशील द्रावकांसाठीच बनवलेला फ्रिज असेल तरच ठेवा. थंडीमुळे पेरॉक्साइड थांबत नाहीत, तेव्हा तपासणी तरीही करायचीच.

असा फ्रिज नसेल तर इमारतीतली सगळ्यात थंड, वारा खेळणारी खोली शोधा. तळमजला, उत्तरेची बाजू. लोखंडी कपाट, तळाला ट्रे, शेजारी नायट्रिक आम्ल किंवा परमँगनेट नको. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, ती रात्रीपर्यंत तापलेली असते. खरं तर उन्हाळ्यात सहा बाटल्या मागवायच्याच नव्हत्या. दोन मागवा, संपल्या की पुन्हा दोन.

प्रत्येक बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची तारीख ऑइल पेंट मार्करने लिहा. शाई इथरने पुसली जाते, तुमच्या जुन्या बाटलीचंही तेच झालं असावं. उघडल्यावर तीन महिने, न उघडलेली एक वर्ष. बीएचटी (पेरॉक्साइड रोखणारं रसायन) घातलेला इथर घ्या, पण डिस्टिल केल्यावर बीएचटी मागे राहतं आणि वर आलेला इथर असंरक्षित असतो, हे लक्षात ठेवा.

तपासणी, फक्त तारीख माहीत असलेल्या आणि स्वच्छ दिसणाऱ्या बाटलीची: 1 मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्लात 100 मिग्रॅ पोटॅशियम आयोडाइड, त्यात 1 मिली इथर. शेजारी इथरविना तसंच एक द्रावण ठेवा, कारण जुनं आयोडाइड स्वतःच पिवळं पडतं. फिकट पिवळा म्हणजे थोडे पेरॉक्साइड, गडद पिवळा किंवा तपकिरी म्हणजे वापरायचा नाही. पेरॉक्साइड तपासायच्या पट्ट्या मिळाल्या तर आकडा कळतो: 25 पीपीएमच्या (दहा लाखांत 25 भागांच्या) वर असेल तर उकळवणं किंवा आटवणं नको, 100 च्या वर थेट घातक कचरा. सॉक्सलेटनंतर इथर कधीही पूर्ण कोरडा होईपर्यंत आटवू नका. पेरॉक्साइड असतील तर ते त्या शेवटच्या थेंबांतच एकवटतात.

---

लॅब_सहायक_नागपूर

खोलीला कुलूप लावलं, बाटली होती तिथेच आहे, प्राचार्यांना पत्र दिलं. मँटल आजच बाजूला केले. इथरऐवजी दुसरं काही चालेल का? आणि वापरलेल्या द्रावकाचं काय करायचं?

---

बाष्पदाब

तेल काढायला पेट्रोलियम इथर, 60-80 चा. नावात इथर असलं तरी हायड्रोकार्बनच असल्यामुळे तो पेरॉक्साइड धरत नाही, आणि 60 च्या वर उकळत असल्यामुळे सकाळच्या टाकीच्या पाण्यावरही कंडेन्सर चालतो. ज्वलनशील मात्र तितकाच, ठिणगीचे सगळे नियम तसेच. उत्तर इथरच्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही, म्हणून एका नमुन्यावर दोन्ही द्रावकांनी करून तुलना नोंदवा.

पेट्रोलियम इथर, हेक्झेन, टोल्युइन हे कायद्यानुसार अ वर्गाच्या (सगळ्यात सहज पेटणाऱ्या) पेट्रोलियममध्ये येतात. विक्रीसाठी नसलेला एकूण 30 लिटरपर्यंतचा साठा परवान्याशिवाय चालतो, पण काचेची बाटली एक लिटरपेक्षा मोठी नको. शंका असेल तर पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मुख्यालय इथेच सेमिनरी हिल्सला आहे, जाऊन विचारा.

---

द्रावक_साठा

वापरलेला द्रावक मोरीत अजिबात नाही. वेगळ्या डब्यात, हॅलोजनवाले द्रावक निराळे, झाकण बंद, डबा तीन चतुर्थांशच भरलेला. बुटीबोरीला घातक कचऱ्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र आहे, महाविद्यालयामार्फत तिथे नोंदणी करा. साठवण 90 दिवसांच्या वर नको.

आगीसाठी टेबलापासून दाराच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचं नळकांडं. पाणी मारू नका, इथर त्याच्यावर तरंगत पेटता पसरतो. सुती ॲप्रन घाला. निळे नायट्राइल हातमोजे इथरला काही मिनिटंच अडवतात, भिजले की लगेच बदला. सांडला तर बटणांना हात लावू नका, चालू असलेलं चालू, बंद असलेलं बंद. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग बाहेरच्या मेन स्विचवरून वीज तोडा.